गावच्या दवाखान्याचा आणि शाळेचा प्रश्न विधिमंडळात कसा न्यावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

आपल्या भागातील आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत किंवा शाळेत चार वर्गांना मिळून एकच शिक्षक आहे, अशी तक्रार घेऊन लोक आमदारांकडे जातात, निवेदन देतात, त्याचे छायाचित्र काढतात आणि परत येतात. पुढे अधिवेशनात तो प्रश्न विचारला गेला तरी अनेकदा सरकारचे उत्तर तीन शब्दांत संपते : ‘हे खरे नाही’. हे उत्तर दर वेळी खोटेच असते असे नाही. बऱ्याचदा प्रश्नच इतका सैल लिहिलेला असतो की त्याला नाकारणारे उत्तर देणे सोपे जाते. ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीतील पालक, गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि आमदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेले सहायक यांच्यासाठी हा लेख आहे. प्रश्न सभागृहात पोहोचण्यापूर्वीचे काम कसे करावे, यावर त्यात भर आहे, कारण निकाल बहुतांशी तिथेच ठरतो.

पहिली पायरी : प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे ते शोधणे

‘सरकारी दवाखाना’ हा बोलण्यातला शब्द आहे. कारभारात असा एकच दवाखाना नसतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते आणि तेथील प्रमुख म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते आणि जिल्ह्यात त्यांची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांवर असते. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते, म्हणजे त्याचे मंत्रीही वेगळे असू शकतात. महापालिकेचे प्रसूतिगृह असेल तर विषय आधी महापालिकेचा आणि मग नगरविकास विभागाचा होतो.

गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद राज्य शासन भरते, तर आरोग्य सेविकेचे पद जिल्हा परिषद भरते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी नेमणुकीने आलेले कर्मचारी तिसऱ्या वाटेने आलेले असतात. त्यामुळे ‘केंद्रातील सर्व रिक्त पदे भरावीत’ अशी एकच मागणी केली, तर प्रत्येक कार्यालय आपल्या वाट्याचे उत्तर देते आणि उरलेल्याबद्दल दुसऱ्याकडे बोट दाखवते. औषधांच्या तुटवड्याचेही तसेच आहे. औषध जिल्ह्याने मागितलेच नव्हते, राज्य पातळीवर खरेदी रखडली होती, की पुरवठा होऊनही ते तालुक्याच्या भांडारात पडून होते, हे आधी कळले पाहिजे. राज्यातील वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे आणि त्याचा कायदा २०२३ सालचा आहे. त्यापूर्वी हे काम हाफकिन महामंडळाकडे होते.

शाळांच्या बाबतीत जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे आणि खासगी अनुदानित माध्यमिक शाळा शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे असते. आदिवासी भागातील शासकीय आश्रमशाळा मात्र शालेय शिक्षण विभागाकडे नसून आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे असते आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे असते. केंद्रीय विद्यालय किंवा कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय यांचा प्रश्न मुळात खासदारांकडे न्यावयाचा असतो. चुकीच्या विभागाला विचारलेला प्रश्न कधी फेटाळला जातो, कधी एका विभागातून दुसऱ्या विभागात वर्ग होत राहतो, आणि तेवढ्यात अधिवेशन संपून जाते.

दुसरी पायरी : कागद जमवणे

येथे घाई करू नये. चार गोष्टी हाती असल्याशिवाय आमदारांकडे जाऊ नये, असे माझे मत आहे : मंजूर काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, ही स्थिती कोणत्या तारखेपासून आहे, आणि याआधी कोणाला कळवले व त्यांनी काय उत्तर दिले.

मंजुरी पाहताना निकष माहीत असले की बोलणे सोपे होते. सर्वसाधारण भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर उपकेंद्रासाठी अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्या, असा राष्ट्रीय निकष आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, असे त्याखालील नियम सांगतात. शाळेला प्रत्यक्षात किती शिक्षक मिळणार हे दरवर्षी होणाऱ्या संचमान्यतेत ठरते, म्हणून शिक्षकांबद्दलच्या कोणत्याही निवेदनाला चालू वर्षाच्या संचमान्यतेची प्रत जोडणे आवश्यक आहे. पटसंख्या घटल्यामुळे पदच कमी झाले असेल तर ‘रिक्त पद भरा’ ही मागणी निरर्थक ठरते. तेव्हा मागणी पद पुन्हा मंजूर करण्याची किंवा कमी पटाच्या शाळेसाठी निकष शिथिल करण्याची असली पाहिजे, आणि ती धोरणाची बाब असल्याने तिच्यासाठी सभागृहातील आयुध, म्हणजे विषय मांडण्याचे साधनही वेगळे लागते.

आरोग्याच्या बाबतीत नवख्यांची सर्वात जास्त फसगत होते ती इमारतीमुळे. इमारतीला प्रशासकीय मान्यता मिळणे आणि त्या संस्थेसाठी पदनिर्मिती होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाच्या संमतीसाठी जातो आणि तेथे तो वर्षानुवर्षे अडकू शकतो. त्यामुळे फीत कापण्याची वाट पाहणारी नवी कोरी इमारत आणि आत एकही मंजूर पद नाही, असे दृश्य अनेक तालुक्यांत दिसते. अशा ठिकाणी ‘डॉक्टर द्या’ असे म्हणून काही होत नाही. ‘पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या दिनांकास, कोणत्या विभागाकडे सादर झाला व सध्या तो कोणत्या स्तरावर आहे’ असे विचारावे लागते. दुसरी फसगत प्रतिनियुक्तीची आहे. डॉक्टरांचे पद कागदावर भरलेले असते, पगारही त्याच केंद्रातून निघत असतो, मात्र त्यांची सेवा दुसऱ्या ठिकाणी घेतली जात असते. अशा वेळी ‘पद रिक्त आहे, हे खरे आहे काय’ या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ हेच उत्तर येणार, आणि ते अक्षरशः बरोबर असणार.

ही माहिती माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मिळवता येते. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्जात मत मागू नये, दस्तऐवज मागावेत : मंजूर व कार्यरत पदांचा तक्ता, प्रतिनियुक्तीचे आदेश, औषधसाठा नोंदवहीतील ठरावीक महिन्यांची पाने, रुग्णवाहिकेची नोंदवही. याच काळात ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतातच, आणि ठरावाची प्रत जोडली की ती मागणी एका व्यक्तीची राहत नाही.

एक काळजी मात्र कटाक्षाने घ्यावी. रुग्णांची किंवा मुलांची नावे, आजार, छायाचित्रे निवेदनात घालू नयेत. सभागृहात जाणारा कागद सार्वजनिक होतो. ‘एका गरोदर महिलेस अमुक तारखेच्या रात्री ४२ किलोमीटरवरील रुग्णालयात पाठवावे लागले’ एवढे पुरेसे असते.

तिसरी पायरी : कोणत्या सदस्याकडे जावे आणि केव्हा

विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या मतदारसंघाचा असतो; तेथूनच सुरुवात करणे स्वाभाविक आहे. परंतु आपले आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्याच मंत्रिमंडळाची असते. सत्तारूढ पक्षाचे आमदार अनेकदा सभागृहापेक्षा मंत्र्यांच्या दालनातील बैठक पसंत करतात, आणि खरे सांगायचे तर एखाद्या केंद्रातील एक पद भरण्यासाठी तो मार्ग पुष्कळदा जलद ठरतो. विरोधी सदस्याला बैठक सहज मिळत नाही, म्हणून तो प्रश्न आणि लक्षवेधी सूचनेवर (तिच्याविषयी चौथ्या पायरीत) भर देतो. दोन्ही बाजूंच्या सदस्यांच्या नावाने एकच प्रश्न जाऊ शकतो, आणि तसा गेला तर त्याला पक्षीय वादाचा रंग येत नाही.

विधान परिषद मात्र लोक विसरतात. तिच्या ७८ सदस्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून, ७ पदवीधर मतदारसंघांतून आणि २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांमधून निवडून येतात. उरलेल्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून निवडले जातात आणि १२ राज्यपालनियुक्त असतात. शिक्षक मतदारसंघातील सदस्यांना संचमान्यता, अनुदानाचे टप्पे, पवित्र पोर्टलवरील शिक्षकभरती हे विषय तोंडपाठ असतात. शाळेचा प्रश्न त्यांच्याकडे नेला तर प्राथमिक माहिती समजावण्यात वेळ जात नाही.

वेळेचे गणित असे आहे की राज्यात वर्षाला तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, आणि १९५३ च्या नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन नागपुरात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात उत्तर देतात असे प्रश्न, अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी दाखल करावे लागतात. अधिवेशनाच्या बातम्या सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावणाऱ्यांना हे ठाऊक नसते, आणि मग आमदारांच्या स्वीय सहायकांना ‘पुढच्या वेळी बघू’ असे म्हणण्यावाचून पर्याय उरत नाही. ज्या मागणीला नवा निधी लागतो ती हिवाळी अधिवेशनात किंवा त्याआधीच मांडावी, कारण मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाईपर्यंत विभागांचे प्रस्ताव तयार झालेले असतात.

अधिवेशनाच्या बाहेर आणखी एक जागा आहे, ती म्हणजे पंचायत समितीची वार्षिक आमसभा. तिचे अध्यक्षपद स्थानिक आमदारांकडे असते आणि तालुक्यातील सर्व खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात. अनेक छोट्या प्रश्नांना विधानभवनापर्यंत जावे लागतच नाही. मात्र आमसभेत दिलेले उत्तर इतिवृत्तात नोंदवले गेले की नाही हे पाहून त्याची प्रत घ्यावी.

चौथी पायरी : योग्य आयुध निवडणे

संसदीय कामकाजाच्या साधनांना आपल्याकडे आयुधे म्हणतात, आणि शब्द चपखल आहे, कारण प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. आकडेवारी हवी असेल, म्हणजे जिल्ह्यातील सर्व केंद्रांतील मंजूर व रिक्त पदे किंवा एकशिक्षकी शाळांची तालुकानिहाय संख्या, तर अतारांकित प्रश्न अधिक उपयोगी पडतो. आमदारांनी ‘अतारांकित टाकला आहे’ असे सांगितले तर आपला प्रश्न मागे पडला असे समजू नये.

घटना ताजी आणि गंभीर असेल तर लक्षवेधी सूचना योग्य ठरते. विधानसभेच्या नियम १०५ खाली ती दिली जाते; मंत्री निवेदन करतात आणि त्यावर सदस्य प्रश्न विचारतात. रुग्णालयातील आगीची घटना, आश्रमशाळेतील विषबाधा, साथीचा उद्रेक यांसाठी ती आहे; तीन वर्षांपासून रिक्त असलेल्या पदासाठी ती मागितली तर तातडी सिद्ध करणे कठीण जाते. औचित्याच्या मुद्द्याद्वारे विषयाची नोंद होते, पण मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसते. आधी मिळालेले उत्तर अपुरे असेल तर त्याच विषयावर अर्धा तास चर्चा मागता येते. संपूर्ण आरोग्य व्यवस्थेवर बोलायचे असेल तर विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खालील चर्चा, तसेच विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवरील कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करावी असे सुचवून विषय मांडणारी सूचना) ही साधने आहेत. धोरणच बदलायचे असेल तर अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला, ठराव किंवा विधेयक. ते मंजूर होण्याची शक्यता कमी असली तरी विभागाला आपली भूमिका नोंदीवर मांडावी लागते.

नागरिकांना स्वतःच्या सहीने विधिमंडळापर्यंत जाण्याची वाटही आहे. विनंती अर्ज समितीकडे जाणारा अर्ज सदस्यामार्फत सादर करावा लागतो, पण मजकूर आणि मागणी नागरिकांची असते. समिती विभागाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावू शकते. वेळ फार लागतो. अनेक वर्षे कुजत पडलेल्या प्रकरणासाठी मात्र ती वाट विचारात घ्यावी.

पाचवी पायरी : प्रश्नाचा मसुदा

मसुदा आपणच तयार करून दिला तर आमदारांचे कार्यालय त्याचे स्वागत करते, कारण एका अधिवेशनासाठी त्यांच्यापुढे अशा विषयांचा ढीग असतो. वाईट मसुदा पुढीलप्रमाणे असतो : ‘अमुक आरोग्य केंद्राची अत्यंत दुरवस्था झाली असून अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे जनतेत तीव्र संताप आहे, हे खरे आहे काय?’ यात दुरवस्था, हलगर्जीपणा आणि संताप या तिन्हींना मोजमाप नाही. नियमांप्रमाणे प्रश्नात आरोप, अनुमान किंवा उपरोध नसावा, त्यामुळे तो अमान्य होण्याचीही शक्यता असते. याउलट हा मसुदा पाहावा :

‘(१) अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची २ पदे मंजूर असून त्यांपैकी १ पद अमुक दिनांकापासून रिक्त आहे व दुसऱ्या पदावरील अधिकाऱ्यांची सेवा अमुक आदेशान्वये अन्यत्र वर्ग करण्यात आली आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, अमुक ते अमुक या कालावधीत सदर केंद्रातून प्रसूतीसाठी किती महिलांना अन्य रुग्णालयांत पाठविण्यात आले, (३) उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (४) त्यानुसार रिक्त पद भरण्याबाबत व प्रतिनियुक्ती रद्द करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

भाषा रुक्ष आहे, पण या साच्याला कारण आहे. पहिल्या भागातील प्रत्येक तपशील कागदावर असल्याने तो नाकारता येत नाही, दुसऱ्या भागाला आकडाच द्यावा लागतो, आणि पाचवा भाग चौथ्यातून निसटण्याची वाट बंद करतो. एका प्रश्नात एकच विषय ठेवावा. डॉक्टर, रस्ता आणि पाणी एकत्र कोंबले की सगळ्यात सोप्या भागाचे उत्तर लांबलचक येते आणि उरलेल्यांची बोळवण होते. प्रकरण न्यायालयात असेल तर तसे आमदारांना आधीच सांगावे, कारण न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न स्वीकारला जात नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रश्न विभागाकडे गेला की तो आयुक्तालय, उपसंचालक, जिल्हा आणि तालुका अशा पायऱ्या उतरत खाली येतो आणि उत्तराचा पहिला मसुदा बहुधा त्याच कार्यालयात लिहिला जातो ज्याच्याविषयी तक्रार आहे. यात कोणाचा कट नसतो, माहिती तेथेच असते म्हणून तसे होते. त्यामुळे मूळ कागदपत्रांचा संच आमदारांच्या हाती, तोही उत्तराच्या आदल्या दिवशी पुन्हा, गेला पाहिजे. त्यावर एका पानाचे टिपण ठेवावे : तीन तथ्ये, दोन संभाव्य उपप्रश्न आणि एक मागणी. सभागृहात उपप्रश्नासाठी जेमतेम मिनिटभर मिळते, आणि बारा पानी निवेदन कोणी तेथे उलगडून वाचत नाही.

सहावी पायरी : उत्तर मिळाल्यानंतर

उत्तर वाचताना क्रियापदांकडे पाहावे. ‘तपासून पाहण्यात येईल’, ‘सकारात्मक विचार केला जाईल’, ‘बाब विचाराधीन आहे’ यांत बांधिलकी फारच थोडी असते. ‘तीन महिन्यांत पद भरण्यात येईल’ किंवा ‘एक महिन्यात चौकशी अहवाल मागवू’ हे आश्वासन आहे, आणि अशी आश्वासने विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे नोंदवली जातात. म्हणून उपप्रश्नातून मंत्र्यांकडून मुदत वदवून घेणे हेच अनुभवी सदस्यांचे लक्ष्य असते. दालनातील बैठकीत मंत्र्यांनी निवेदनावर मारलेला शेरा मात्र आश्वासनही नव्हे आणि आदेशही नव्हे. ‘तपासून सादर करावे’ असा शेरा घेऊन गावात पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की फाईल आता सुरू होईल. निवेदनाचा आवक क्रमांक आणि दिनांक मात्र जरूर टिपून ठेवावा.

सभागृहातील कार्यवाही आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध होतात. आपल्या प्रश्नाचा क्रमांक, उत्तराचा दिनांक आणि मंत्र्यांचे नेमके शब्द उतरवून घ्यावेत, वर्तमानपत्रातील बातमीवर विसंबू नये. मुदत संपली की त्याच क्रमांकाचा हवाला देऊन जिल्हा कार्यालयाला पत्र द्यावे आणि त्याची प्रत आमदारांना पाठवावी. उत्तर आले नाही तर पुन्हा माहितीचा अर्ज करून ‘अमुक दिनांकाच्या उत्तरानुसार झालेल्या कार्यवाहीची कागदपत्रे’ मागावीत. पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा पहिला भाग मग आपोआप तयार होतो : ‘अमुक क्रमांकाच्या तारांकित प्रश्नाला दिलेल्या उत्तरात तीन महिन्यांत पद भरण्यात येईल असे सांगण्यात आले होते, तथापि सदर पद अद्याप रिक्त आहे, हे खरे आहे काय?’